चरित्रकोशात कोणाला घ्यायचं? निवडीच्या कामाला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

चरित्रकोशाचं काम हाती आलं की नवखा माणूस आधी नावं लिहायला बसतो. तासाभरात दोनशे नावं होतात आणि ती बहुतेक शाळेच्या पुस्तकांतून ओळखीची असतात. ती यादी फाडून टाकायची नसते, पण तिच्यावर कोशही उभा राहत नाही. कोशात माणूस येतो तो एका तपासता येणाऱ्या कारणामुळे. ते कारण एका वाक्यात लिहिता आलं नाही तर नाव कितीही मोठं असो, ते थांबवून ठेवायचं. पुढची सगळी पद्धत या एका वाक्याभोवती फिरते.

आधी हद्द आखा

नावांना हात लावण्याआधी पानभर धोरण लिहून काढा. पानभरच, कारण दहा पानी धोरण कोणी उघडून बघत नाही. काळ कोणता, प्रदेश कोणता, हयात व्यक्ती घ्यायच्या का आणि कोश वाचणार कोण, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत.

काळाचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन वेगळे चरित्रकोश केले (१९३२, १९३७ आणि १९४६). असे भाग पाडले की सीमेवरची माणसं कुठे टाकायची हे ठरवावंच लागतं. त्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक, मृत्यूचं वर्ष धरायचं. कॅनडाचा चरित्रकोश तसा रचलेला आहे. दुसरी, माणसाच्या ऐन कर्तृत्वाचा काळ धरायचा. ऑस्ट्रेलियाच्या चरित्रकोशाचे पहिले बारा खंड या रीतीनं झाले आणि तेराव्यापासून त्यांनीही मृत्यूचं वर्ष धरलं. कर्तृत्वाचा काळ धरणं इतिहासाच्या दृष्टीनं जास्त बरोबर वाटतं, पण नावागणिक वाद होतो. नव्या संपादक मंडळानं मृत्यूचं वर्षच धरावं. त्यावर मतभेद झाला तरी तो कागद दाखवून मिटतो.

प्रदेशासाठी जन्मस्थान पुरेसं धरू नका. जन्म, मुख्य काम आणि कामाचा परिणाम या तिन्हींपैकी दोन गोष्टी हद्दीत असाव्यात, हा नियम व्यवहारात चांगला चालतो. अ‍ॅनी बेझंट लंडनला जन्मल्या आणि चेन्नईतल्या अड्यारला वारल्या. त्यांच्यावर ब्रिटनच्या कोशाचाही हक्क आहे आणि भारताच्याही. याउलट, वयाच्या दुसऱ्या वर्षी आईवडिलांबरोबर निघून गेलेला शास्त्रज्ञ केवळ ‘आपल्या मातीतला’ म्हणून घेतला तर नोंदीत प्रदेशाबद्दल लिहायला पहिल्या ओळीपलीकडे काही उरत नाही.

हयात व्यक्तींबद्दल आमचा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका. आयुष्य अजून चालू असतं, कामाचं माप ठरलेलं नसतं, खासगीपणाचे आणि बदनामीचे कायदेशीर प्रश्न उभे राहतात आणि त्या व्यक्तीचा फोन येतो. ब्रिटनच्या ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’नं सुरुवातीपासून दिवंगतांनाच घेतलं. कोशाची शेवटची तारीख ठरवून टाका, म्हणजे ‘अमुक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत निधन झालेल्या व्यक्ती’. ती तारीख प्रकाशनाच्या चारपाच वर्षं आधीची असू द्या. मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात जे छापून येतं त्यात श्रद्धांजली जास्त आणि माहिती कमी असते.

‘हूज हू’ या धर्तीची पुस्तकं हयात व्यक्तींचीच असतात, पण तो प्रकार निराळा आहे. तिथे माहिती मुख्यतः त्या व्यक्तीनंच भरून दिलेली असते. त्या नावाचा फायदा घेऊन ‘आपली निवड झाली आहे, प्रत विकत घ्या’ अशी पत्रं पाठवणारे उद्योगही जगभर चालतात. अशा ग्रंथातला उल्लेख तुमच्या निवडीसाठी शून्य धरायचा.

जागेचा हिशेब

निवड किती कडक असेल हे मोठ्या अंशी पानांवर ठरतं. म्हणून हिशेब आधी करायचा. समजा एक खंड, १,००० पानं, पानावर सरासरी ७०० शब्द. म्हणजे सात लाख शब्द. त्यातून प्रस्तावना, सूची आणि ‘पाहा’ अशा उलटसंदर्भांसाठी दहा टक्के काढले की ६ लाख ३० हजार उरतात. आता लांबीनुसार नोंदींचे तीन दर्जे, म्हणजे प्रती, पाडा: ‘क’ प्रतीच्या ६० नोंदी, प्रत्येकी १,५०० शब्द (९० हजार), ‘ख’ प्रतीच्या २४० नोंदी, प्रत्येकी ७०० शब्द (१ लाख ६८ हजार), ‘ग’ प्रतीच्या ९०० नोंदी, प्रत्येकी ३५० शब्द (३ लाख १५ हजार). बेरीज ५ लाख ७३ हजार. उरलेले ५७ हजार शब्द राखीव. या राखीव साठ्याला सुरुवातीला कोणीही हात लावायचा नाही. लेखक शब्दमर्यादा ओलांडणार हे गृहीत धरा, आणि शेवटच्या टप्प्यात सापडणारी पन्नासेक नावंही याच साठ्यातून बसवायची असतात.

म्हणजे तुमच्याकडे १,२०० जागा आहेत. लांब यादी त्याच्या तिप्पट-चौपट, साधारण चार हजार नावांची हवी. ती दोन हजारांवर थांबली असेल तर शोध कमी पडला आहे. दहा हजारांवर गेली असेल तर हद्द नीट आखलेली नाही.

लांब यादी कशी काढायची

इथे मन मोठं ठेवायचं. नाव यादीत येणं म्हणजे निवड होणं नव्हे, त्यामुळे संशय आला तर लिहून घ्या. सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे अभ्यासपूर्ण ग्रंथांच्या शेवटच्या नामसूची. एकेका विषयासाठी वीस प्रमाणग्रंथ निवडा, त्यांच्या सूची चाळा आणि कोणतं नाव किती ग्रंथांत येतं ते मांडा. तीन किंवा अधिक ग्रंथांत आलेलं नाव थेट यादीत. एक-दोन ग्रंथांत आलेलं नाव पेन्सिलीनं.

यात एक खड्डा आहे. दहा ग्रंथ एकमेकांतून उतरवलेले असतील तर ते दहा उल्लेख म्हणजे एकच उल्लेख. ओळखायची खूण सोपी: सगळीकडे तोच किस्सा, तेच विशेषण आणि तीच चुकीची तारीख.

नामसूचींनंतर जुने कोश, वर्तमानपत्रांतले मृत्युलेख, संस्थांचे इतिहास, शताब्दीच्या स्मरणिका, गौरवग्रंथ आणि पुरस्कारांच्या याद्या. पुरस्काराची यादी नावं मिळवायला उत्तम, पुरावा म्हणून कच्ची. पुरस्कार देणाऱ्यांनीही कधीतरी अशीच निवड केलेली असते, त्यांचे डोळे जिथे पोचले नाहीत तिथे तुमचेही पोचणार नाहीत. रस्त्यांना आणि चौकांना दिलेली नावं तर फारच फसवी. ती नावं देणाऱ्यांबद्दल जास्त सांगतात.

जुन्या कोशातली माणसं आपोआप घ्यायची का, हा प्रश्न नेहमी येतो. १८८५ ते १९०० या काळात ६३ खंडांत निघालेल्या ब्रिटिश कोशाची २००४ मध्ये ६० खंडांची नवी आवृत्ती आली, तेव्हा संपादक कॉलिन मॅथ्यू यांनी जुन्यातला एकही माणूस गाळायचा नाही असं धोरण धरलं होतं. मागच्या पिढीला कोण महत्त्वाचं वाटलं हीसुद्धा माहितीच आहे, हा त्यामागचा विचार. ज्यांच्याकडे साठ खंड आहेत त्यांना हे परवडतं. एका खंडाच्या कोशानं जुनी नावं लांब यादीत जरूर घ्यावीत, पण पुढे बाकीच्यांसारखंच तोलावं.

कार्ड: इथेच खरी निवड होते

प्रत्येक नावासाठी एक कार्ड. कागदी असो वा संगणकावरचं, रकाने तेच: नाव आणि सगळी पर्यायी नावं, जन्म-मृत्यू, विषय, कारणाचं वाक्य, किमान दोन स्वतंत्र साधनं, नाव कोणी सुचवलं, सुचवणाऱ्याचं काही नातं आहे का आणि शेवटी शेरा.

एक कार्ड भरून बघू. आनंदीबाई जोशी, १८६५–१८८७. नवखा माणूस कारणाच्या रकान्यात लिहितो: ‘वैद्यकीय क्षेत्रात मोलाचं योगदान.’ हे वाक्य खोडा. ते हजार जणांना लागू पडतं आणि नेमकं इथेच लागू पडत नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही त्या काम सुरू करू शकल्या नाहीत. परतल्यावर काही महिन्यांतच, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या गेल्या. त्यांची वैद्यकीय कारकीर्द जवळजवळ नाहीच.

दुसरा प्रयत्न: ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर.’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कादंबिनी गांगुली कलकत्त्यात वैद्यकाचं शिक्षण पुरं करत होत्या. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात मोठा’ हे शब्द कार्डावर दिसले की त्यांच्याखाली लाल रेघ मारा. त्यातले बरेच तपासात टिकत नाहीत, आणि कारण त्याच एका शब्दावर उभं असेल तर शब्दाबरोबर नोंदही पडते.

तिसरा प्रयत्न: ‘१८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून एम. डी.; पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक; त्यासाठी एकटीनं केलेल्या परदेशगमनावर त्या काळी मोठी जाहीर चर्चा झाली.’ आता यातला प्रत्येक तुकडा तपासता येतो. साधनंही दोन स्वतंत्र आहेत: कॅरोलिन डॉल यांचं १८८८ मधलं इंग्रजी चरित्र आणि काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र. पर्यायी नावांच्या रकान्यात माहेरचं ‘यमुना’ आणि इंग्रजी कागदपत्रांतलं ‘आनंदीबाई जोशी’चं वेगळं स्पेलिंग नोंदवायचं. ते नोंदवलं नाही तर कॉलेजच्या दप्तरात शोधणाऱ्याला हाती काही लागणार नाही.

प्रत कोणती? कारकीर्द आखूड म्हणून ‘ग’ द्यावीशी वाटते. पण पत्रं उपलब्ध आहेत, समकालीन चर्चा उपलब्ध आहे आणि ‘पहिली कोण’ हा घोळ नोंदीतच सोडवून द्यायला जागा लागते. म्हणून ‘ख’, ७०० शब्द. प्रसिद्धीच्या मापानं लांबी देऊ नका. माणूस समजावून सांगायला किती शब्द लागतील ते बघून द्या.

एक कार्ड नीट भरायला अर्धा ते पाऊण तास लागतो. चार हजार कार्डांचे तास मोजा आणि माणसं तेवढी घ्या. माणसं नसतील तर आधी पेन्सिलीची नावं गाळा.

कारण कोणतं चालतं

काही नवं केलं, किंवा असलेलं बदललं, हे पहिलं आणि सरळ कारण. शोध, ग्रंथ, संस्था, चळवळ, शैली, पद्धत. बघायचं ते हे की त्या माणसाच्या आधी आणि नंतर त्या क्षेत्रात फरक दिसतो का.

पद हे कारण अवघड आहे. सर्वोच्च पदावरच्यांना आपोआप जागा द्यावी, कारण वाचक ती नावं शोधतच येतो. पण ही आपोआप मिळणारी जागा कुठवर खाली न्यायची ते धोरणातच लिहा. ती एक पायरी जरी खाली आली तरी दोनशे वर्षांच्या कोशात साठ-सत्तर नोंदी अशा भरतात की नेमणुकीची आणि निवृत्तीची तारीख सोडून सांगण्यासारखं काही नसतं. चाचणी अशी: पदाचा उल्लेख काढून टाका आणि उरलेलं वाचा. तीन ओळी उरत नसतील तर ते नाव पदाधिकाऱ्यांच्या तक्त्यात जाऊ द्या. परिशिष्टातला एक तक्ता पन्नास पोकळ नोंदी वाचवतो.

कुप्रसिद्धी हेही पूर्ण वैध कारण आहे. कोश म्हणजे गौरवयादी नाही. ज्या ठगानं बँक बुडवल्यामुळे कायदा बदलला, त्याची नोंद वाचकाला हवी असते. संपादक मंडळात कोणीतरी ‘असल्या माणसाला मान कशाला’ म्हणणारच, तेव्हा धोरणाचं पान पुढे करायचं.

चौथं कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही: प्रातिनिधिकपणा. ऑस्ट्रेलियाच्या कोशानं मोठ्यांबरोबरच एखाद्या धंद्याचं, वस्तीचं, जीवनपद्धतीचं उदाहरण म्हणून काही साध्या माणसांनाही जाणीवपूर्वक जागा दिली. इथे अट एकच, त्या माणसाबद्दल कागद असायला हवेत: रोजनिशी, पत्रं, खटल्याचे कागद, हिशेबाच्या वह्या. अशा नोंदी शंभरात तीन-चार असल्या तरी कोशाचा चेहरा बदलतो. अर्थात चौकट सोडून त्या वाढवत नेल्या तर निवडीला अर्थ राहत नाही.

विकिपीडियाची कसोटी याहून वेगळी आहे आणि दोन्हींची गल्लत होते. तिथे उल्लेखनीयता म्हणजे विषयाशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी त्या व्यक्तीची सविस्तर दखल घेतलेली असणं. संपादकानं स्वतः महत्त्व तोलायचं नसतं, दखल घेतली गेली आहे का एवढं बघायचं. या कसोटीचा फायदा असा की अनोळखी हजारो लोक एकत्र काम करू शकतात. तोटा असा की जगानं दखल घेतली नसेल तर विकिपीडियाही घेत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा २०१८ मध्ये पुरेसे स्रोत नाहीत म्हणून नाकारला गेला, आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. ज्या संशोधनासाठी मिळालं ते १९८५ मध्येच प्रसिद्ध झालेलं होतं. चरित्रकोशाकडे विषयतज्ज्ञ असतात. त्यांनी मूळ काम वाचून ‘याची दखल घ्यायला हवी होती’ असं म्हणणं हेच त्यांचं काम. वर्तमानपत्रातली कात्रणं मोजायला तज्ज्ञ लागत नाही.

गुण आणि बैठक

कार्डं तयार झाली की ती विषयवार वाटा. अकारविल्हे वाटू नका, याचं कारण पुढे येतं. प्रत्येक कार्ड तिघांनी एकमेकांना न विचारता वाचायचं आणि ० ते ३ गुण द्यायचे: ० म्हणजे नको, १ म्हणजे जागा उरली तर, २ म्हणजे हवं, ३ म्हणजे हे नाव नसेल तर कोश अपुरा. तिघांपैकी दोघं त्या विषयातले आणि एक बाहेरचा असावा. सगळे त्याच विषयातले असले की आपल्या गुरूच्या गुरूलाही तीन गुण मिळतात.

सुरुवात करताना पन्नास कार्डं सगळ्या परीक्षकांना तीच द्या आणि गुण शेजारी शेजारी मांडून बघा. एकाची सरासरी २.४ आणि दुसऱ्याची १.१ निघते, हमखास. कडक आणि मऊ हात एका पातळीवर आणल्याशिवाय पुढच्या गुणांना काही अर्थ नाही. या एका दिवसानं पुढचे तीन महिने वाचतात.

नंतर बेरीज. ७ ते ९ गुण थेट आत. ० ते ३ बाहेर. ४ ते ६ गुणांची नावं बैठकीला. आणि बेरीज कितीही असो, एकानं ३ आणि दुसऱ्यानं ० दिला असेल तर ते नाव बैठकीला आलंच पाहिजे. अशा फरकामागे बहुधा एकाला ठाऊक असलेली आणि दुसऱ्याला नसलेली गोष्ट असते, क्वचित जुनं भांडण असतं. दोन्ही उजेडात आलेली बरी.

बैठकीत एका नावाला पाच मिनिटं. कार्डावरचं वाक्य मोठ्यानं वाचायचं, आक्षेप घेणाऱ्यानं आधी बोलायचं, मग बाजू मांडणाऱ्यानं. दिवसाला साठ नावांपेक्षा जास्त घेऊ नका. दुपारी चारनंतरचे निर्णय सकाळच्यांपेक्षा उदार किंवा क्रूर असतात, मधले नसतात. निर्णयाबरोबर एका ओळीचं कारण तिथल्या तिथे लिहा. ‘सर्वानुमते वगळलं’ हे कारण नव्हे.

नातेवाईक, विद्यार्थी, देणगीदार यांनी सुचवलेली नावं जरूर घ्यावीत, त्यांच्याकडे कागदपत्रं असतात. मात्र ज्या परीक्षकाचं त्या व्यक्तीशी नातं किंवा हितसंबंध आहे, त्यानं त्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत आणि त्या पाच मिनिटांत खोलीबाहेर जायचं. मोठ्या माणसाला बाहेर जा म्हणणं अवघड वाटतं, म्हणून हा नियम पहिल्या बैठकीआधी सगळ्यांकडून सही करून घ्या.

तोल बघणं

पहिली १,२०० नावं निघाली की थांबा आणि मोजा: शतकवार किती, प्रदेशाच्या भागांनुसार किती, विषयवार किती, स्त्रिया किती. आकडे बघून पहिल्यांदा धक्का बसतो. लेखक आणि राजकारणी ढीगभर, यंत्रं बनवणारे, शेती सुधारणारे, परिचारिका, व्यापारी, खेळाडू मूठभर. लेखक अधिक होते म्हणून असं होत नाही. लेखक आपले कागद मागे ठेवतो, त्याच्यावर दुसरे लेखक लिहितात आणि कोशाच्या मंडळावरही लेखकच बसलेले असतात.

ही तूट भरून काढताना लोक एक चूक करतात. त्या गटासाठी कसोटी सैल करतात. मग दोन प्रकारच्या नोंदी तयार होतात आणि वाचकाला फरक कळतो. कसोटी तीच ठेवा, शोध वाढवा. परिचारिका ग्रंथांच्या नामसूचीत सापडणार नाहीत, त्या रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत आणि प्रशिक्षण संस्थांच्या दप्तरांत सापडतील. यंत्रं बनवणारे पेटंटांच्या नोंदींत सापडतील. ज्या रकान्यात आकडा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी आहे, त्यासाठी महिनाभराचा दुसरा शोध लावा आणि आलेल्या नावांना तेच गुण, तीच बैठक. ऑस्ट्रेलियाच्या कोशात प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्र कार्यगट होते आणि लोकसंख्येच्या अंदाजानं नावांचा वाटा ठरलेला होता. त्यामुळे दूरच्या भागात शोध घेणं कोणाची तरी जबाबदारी बनली. वाट्याचा खरा उपयोग तोच.

काही नावं जोडीनं किंवा गटानं येतात. राइट बंधूंच्या दोन नोंदी केल्या तर निम्मा मजकूर दोनदा छापावा लागेल, तिथे एकच नोंद बरी. मारी आणि पिएर क्युरी यांना मात्र वेगळ्या नोंदी हव्यात, कारण पिएर यांच्या १९०६ मधल्या मृत्यूनंतर मारी यांचं काम जवळजवळ तीन दशकं चाललं. ‘अमुक यांच्या पत्नी’ असा एका ओळीचा उल्लेख करून बाईंना नवऱ्याच्या नोंदीत ढकलण्याआधी कार्ड वेगळं भरून बघा. कारणाचं वाक्य स्वतंत्र उभं राहिलं तर नोंदही स्वतंत्र.

हमखास घसरण्याच्या जागा

नामसाम्य. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, रमाबाई रानडे १९२४ मध्ये, रमाबाई आंबेडकर १९३५ मध्ये. घाईत केलेल्या कार्डावर एकीची संस्था दुसरीच्या नावे सहज लागते. उलटही होतं: टोपणनाव, माहेरचं नाव आणि सासरचं नाव अशी एकाच व्यक्तीची तीन कार्डं तिघांकडे जातात आणि तिन्ही निवडली जातात. कार्डं गुणांसाठी वाटण्याआधी सगळी मृत्युवर्षानुसार लावून एकदा चाळा. जुळी कार्डं अशी चटकन हाती लागतात, वर्णानुक्रमात लागत नाहीत.

न झालेली माणसं. अमेरिकेत १८८७ ते १८८९ मध्ये निघालेल्या अ‍ॅपल्टनच्या चरित्रकोशात चक्क काल्पनिक व्यक्तींच्या नोंदी शिरल्या होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्नहार्ट यांनी १९१९ मध्ये त्यातले डझनाहून अधिक खोटे वनस्पतिशास्त्रज्ञ उघड केले. सापडले कसे? त्यांनी लिहिल्याचं सांगितलेले ग्रंथ कुठल्याच ग्रंथालयात नव्हते. म्हणून कार्डावरच्या साधनांपैकी किमान एक कोणीतरी प्रत्यक्ष हातात घेतलेलं असावं, आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं कार्डावर असावीत. जुन्या कोशातली नोंद हे साधन धरायचं नाही.

वर्णमालेचा थकवा. अक्षरानुसार निवड करत गेलं की सुरुवातीच्या अक्षरांत सगळेच महत्त्वाचे वाटतात, मधे भान येतं आणि ‘श’, ‘स’, ‘ह’पर्यंत पोचेस्तोवर पानं संपलेली असतात. म्हणून संपूर्ण यादी पक्की होईपर्यंत एकही नोंद लिहायला द्यायची नाही, आणि गुण विषयवार द्यायचे.

उशिरा उमगलेली माणसं. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ चा, मृत्यू १८८४ चा, आणि त्या कामाचं महत्त्व लोकांना कळलं १९०० मध्ये. १८९० मध्ये कोश करणाऱ्यानं त्याला वगळलं असतं तर दोष देता आला नसता. यावर निवडीच्या वेळी इलाज नाही, पुरवणीची सोय मात्र ठेवता येते. ब्रिटिश कोशानं तर राहून गेलेल्यांचा एक अख्खा खंडच १९९३ मध्ये काढला.

यादी जाहीर करा, वही जपून ठेवा

पक्की करण्याआधी यादी लोकांपुढे ठेवा: नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि दोन-तीन शब्दांत ओळख. पहिले संपादक लेस्ली स्टीव्हन यांच्या काळात ब्रिटिश कोशाच्या नावांच्या याद्या ‘अथेनियम’ साप्ताहिकात छापल्या जात आणि वाचक चुका आणि राहिलेली नावं कळवत. आज हे काम सोपं आहे आणि गोंगाटही जास्त आहे. सूचना पाठवणाऱ्यांसाठी कार्डाचाच छोटा नमुना ठेवा: कारणाचं एक वाक्य आणि दोन साधनं भरल्याशिवाय सूचना स्वीकारायची नाही. ‘यांचं नाव नसणं हा अन्याय आहे’ अशी दोनशे पत्रं आली तरी ती मिळून एक सूचना, आणि तीही कार्ड भरलं तर. मुदत सहा आठवडे पुरते.

वगळलेल्या नावांची वही कधीही फेकू नका. बैठकीत लिहिलेलं एका ओळीचं कारण, गुण आणि तारीख. प्रकाशनानंतर विचारणा होते तेव्हा ‘साधनं अपुरी पडली, नवी मिळाल्यास पुरवणीत विचार होईल’ असं नेमकं उत्तर देता येतं. पुढच्या आवृत्तीचं मंडळही शून्यापासून सुरू करत नाही.

शेवटी राखीव यादी. बैठकीत थोडक्यात राहिलेली शंभरेक नावं क्रमानं लावून ठेवा. नोंदी लिहून यायला लागल्या की काही लेखक कळवतात, ‘साधनं तपासली, पण सांगण्यासारखं काही उरत नाही.’ अशा लेखकावर चिडू नका. त्यानं तुमची एक चुकीची निवड पकडलेली असते. ती नोंद रद्द करा, कार्डावर तसा शेरा मारा आणि राखीव यादीतलं त्याच विषयातलं पहिलं नाव त्याच लेखकाला द्या. यादी बंद होण्याची तारीख मुद्रणप्रत तयार होण्याच्या तीन महिने आधीची ठेवा. त्यानंतर सापडलेलं नाव, मग ते कितीही पटो, पुरवणीच्या फाइलीत जातं.